दारू पिणं हा गुन्हा ठरवावा का? चंद्रपूरच्या निमित्तानं

इरईकाठ:
चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये सरकारनंच ती उठवली. शेजारी वर्ध्यात १९७५ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. मी स्वतः पीत नाही, दारू वाईटच मानतो. तरी माझी नीती दुसऱ्यावर लादायला पोलीस पाठवणं मला पटत नाही. बंदी नसलेल्या जिल्ह्यातही १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं प्यायला परवाना लागतो. तुमच्या ओळखीत कितीजणांकडे तो आहे? ज्या कायद्याला कोणी जुमानत नाही, तो शेवटी फक्त गरिबाला धरायच्या कामी येतो.

मोहफूल:
नीतीचा प्रश्नच नाही हा. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरला विधिमंडळावर चालत गेलेल्या बाया पापपुण्य सांगायला गेल्या नव्हत्या. मजुरी घरापर्यंत पोचत नाही, हे सांगायला गेल्या होत्या. माझी मावशी मजुरीचा चुकारा झाला की तांदळाच्या पिंपात पैसे लपवायची. काका पिंप उलटं करायचे. 'ज्याची त्याची मर्जी' म्हणणाऱ्यांनी ते सांडलेले तांदूळ वेचून पाहावेत.

इरईकाठ:
मावशींचं दुःख खरं आहे. पण घरात मारहाण होत असेल तर तो गुन्हा आहेच, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदाही आहे. मारणाऱ्याला धरा. बंदीच्या काळात बंदी नसलेल्या शेजारच्या जिल्ह्यांतून माल येतच होता, तोही चढ्या भावानं. म्हणजे पिंपातले पैसे आणखी लवकर संपले.

मोहफूल:
तक्रार कोणावर करायची? रात्री ज्याच्या घरात परत जायचं, त्याच्यावर? नवऱ्याशी एकटीनं लढणं आणि सगळ्या गावानं मिळून दुकान बंद करणं, यात फार फरक आहे हो.

रोवणी:
मग आडव्या बाटलीबद्दल बोला ना, म्हणजे गावातलं दारूचं दुकान बंद करायच्या मतदानाबद्दल. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. पंचवीस टक्के सह्या झाल्या की मतदान होतं, पण एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. नुसत्या मतदान केलेल्यांपैकी नव्हे. म्हणजे जी आली नाही ती आपोआप दुकानाच्या बाजूनं. आमच्या गावात मतदान ऐन भाताच्या रोवणीत ठेवलं. बाया बांधीत, चिखलात. आल्या त्यांतल्या बहुतेकींनी आडवीलाच मत दिलं, तरी दुकान राहिलं. आमदार निवडायला अशी अट असती तर किती निवडून आले असते?

इरईकाठ:
ही अट अन्यायाची आहे, मान्य. गावानं मतानं दुकान हटवलं तर माझा विरोधही नाही. शेजारी कोणता धंदा चालावा हे ठरवायचा हक्क गावाला आहे. पण पिणाऱ्याला आत टाकणारं कलम नको.

मोहफूल:
पिणाऱ्याला आत टाका असं आम्ही कधी म्हटलं? तो आत गेला तर त्या दिवसाची मजुरीही बुडते. आम्ही दुकान बंद करा म्हणालो होतो.