शब्दचर्चा : ‘लिबर्टेरियन-लीनिंग’ला मराठीत काय म्हणावं?

धागाकर्ती :

अमेरिकेतल्या २०१०च्या निवडणुकीवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात केंटकीतून तेव्हा नुकतेच सिनेटवर निवडून आलेले रँड पॉल आहेत आणि ‘लिबर्टेरियन-लीनिंग’ (म्हणजे सरकारची ढवळाढवळ कमीत कमी हवी, या मताकडे कललेले) हे विशेषण त्यांच्या नावाला दर परिच्छेदात चिकटलेलं आहे. तिथेच गाडी अडली. आधी ‘उदारमतवादी’ लिहिलं. पुढच्याच वाक्यात हे गृहस्थ ‘लिबरल’ मंडळींवर तुटून पडतात, आणि त्यांनाही उदारमतवादीच म्हणावं लागतं. म्हणजे उदारमतवादी उदारमतवाद्यांवर तुटून पडले, असं वाचकानं वाचायचं! मग ‘स्वातंत्र्यवादी’ केलं. नवऱ्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, “केंटकीला अमेरिकेतून फुटायचंय का?”

शब्द सुचवणाऱ्यांसाठी माणसाची थोडी ओळख. बोलिंग ग्रीन गावातले डोळ्यांचे डॉक्टर. त्याआधी एकही निवडणूक जिंकलेली नाही. टी पार्टी या, सरकारी खर्च कमी करा म्हणणाऱ्या चळवळीच्या लाटेत उतरले आणि रिपब्लिकन पक्षश्रेष्ठींची पसंती असलेल्या ट्रे ग्रेसन यांना पक्षांतर्गत फेरीतच हरवलं. केंद्र सरकारचा खर्च कापा, परदेशांना मदत देणं थांबवा, ९/११नंतरच्या पॅट्रियट कायद्याखालची पाळत नको, इराकचं युद्ध करायलाच नको होतं, ही मतं. गर्भपाताला मात्र कडक विरोध. या सगळ्याला एक शब्द द्या.

*

‘स्वातंत्र्यवादी’ का चालत नाही, ते तुमच्या यजमानांनी एका वाक्यात सांगितलं. मराठीत ‘स्वातंत्र्य’ हा शब्द देशाच्या नावावर केव्हाच खर्ची पडला आहे. स्वातंत्र्यसैनिक, स्वातंत्र्यवीर, स्वातंत्र्यदिन या सगळ्यांत परक्या सत्तेपासून सुटका आहे. आपल्याच सरकारपासून, तेही आपणच निवडून दिलेल्या सरकारपासून मोकळीक मागणारा माणूस त्या शब्दात बसत नाही. ‘व्यक्तिस्वातंत्र्यवादी’ करून पाहा. लांब आहे, पण दिशा बरोबर.

*

लांबीचं चालेल हो, पण व्यक्तिस्वातंत्र्याची बाजू तर लिबरलही घेतात. मग फरक कुठे राहिला? शिवाय गर्भपाताला विरोध करणाऱ्याला व्यक्तिस्वातंत्र्यवादी म्हटलं की पत्रं येतील.

*

मुळापासून बघू या, कारण घोळ इंग्रजीतच आहे. हा शब्द राजकारणात जन्मलेला नाही. १७८९मध्ये विल्यम बेल्शम यांनी तो वापरला तो नियतीवादाच्या उलट, म्हणजे माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे असं मानणाऱ्यांसाठी. आपल्याकडचा दैव विरुद्ध पुरुषकार हाच वाद. राजकीय अर्थ फ्रेंचमधून आला. १८५७मध्ये जोझेफ देजाक या अराज्यवाद्यानं (राज्यसंस्थाच नको म्हणणाऱ्यानं) प्रूदाँ या फ्रेंच विचारवंताला लिहिलेल्या पत्रात ‘लिबर्तेअर’ वापरला आणि पुढे न्यूयॉर्कमधून त्याच नावाचं पत्र चालवलं. हा देजाक खाजगी मालमत्तेचा वैरी! स्पॅनिशमध्येही ‘लिबर्तारिओ’ म्हणजे दीर्घकाळ अराज्यवादी कामगार चळवळीचा माणूस. आता २०२३मध्ये अर्जेंटिनाचे अध्यक्ष झालेले हावियर मिले तोच शब्द नेमक्या उलट टोकाहून मिरवतात. तेही आधी २०२१मध्ये ब्युनोस आयरेसमधून खासदार झाले होते, आणि आपला पगार दर महिन्याला सोडत काढून लोकांना वाटत. सरकारी पैसा हा लोकांकडून ओरबाडलेला, म्हणून तो परत, असा हिशेब.

अमेरिकेत झालं असं की रूझवेल्ट यांच्या न्यू डीलनंतर (महामंदीतून सावरायला आणलेल्या सरकारी योजनांनंतर) ‘लिबरल’ म्हणजे सरकारनं पुढाकार घ्यावा म्हणणारा, असा अर्थ पक्का झाला. कमी सरकार मागणारे जुने लिबरल बेघर झाले. १९५५मध्ये डीन रसेल यांनी सुचवलं की आपण आता ‘लिबर्टेरियन’ हा शब्द घेऊ. १९७१मध्ये त्या नावाचा पक्षही निघाला, आणि १९८८मध्ये त्या पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार कोण होते? रँड पॉल यांचे वडील, रॉन पॉल. म्हणजे मुलाला हे विशेषण अर्धं वारशानं मिळालं आहे.

तेव्हा धागाकर्तीबाई, तुमचं पहिलं ‘उदारमतवादी’ व्युत्पत्तीनं फारसं चुकलेलं नव्हतं. रानडे-गोखल्यांच्या अर्थानं तर नक्कीच नाही. फक्त ते आज त्या अर्थानं कोणी वाचणार नाही.

*

‘उदार’मध्ये आणखी एक गोची आहे. मराठीत उदार म्हणजे आधी सढळ हाताचा. आणि हे डॉक्टरसाहेब सिनेटमध्ये आल्या आल्या, जानेवारी २०११मध्ये, एका वर्षात ५०० अब्ज डॉलरची कपात करणारं विधेयक मांडतात. शिक्षण खातं जवळजवळ बंद, गृहनिर्माण खातं बंद, परदेशी मदत बंद, त्यात इस्राएलचीही. असा उदार आमच्या घराण्यात एक काका होते. लग्नात आहेर म्हणून आशीर्वाद देत.

*

:) काकांसाठी शब्द आहे. ‘हात आखडता घेणारा’.

*

हसण्यावारी नेऊ नका, तो वाक्प्रचार कामाचा आहे. अर्थशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत ‘लेसे फेअर’ला, म्हणजे बाजाराला मोकळं सोडण्याला, ‘निर्हस्तक्षेपाचं धोरण’ म्हणतात. दुसऱ्या देशांच्या भानगडीत न पडण्याला आपण ‘अहस्तक्षेप’ म्हणतो. इंग्रजीत दोन वेगळे शब्द, मराठीत दोन्हीकडे ‘हस्तक्षेप’. आणि पॉल यांची मतं नीट पाहिली तर त्यांच्या डोक्यातही ती एकच गोष्ट आहे. सरकारनं बाजारात हात घालू नये, फोनच्या नोंदींत घालू नये, इराकमध्येही घालू नये. अफगाणिस्तानातला खर्च आणि शिक्षण खात्याचा खर्च एकाच तोंडानं नाकारणारा माणूस डाव्या-उजव्याच्या खणांत बसत नाही, पण ‘निर्हस्तक्षेपवादी’मध्ये बसतो. उच्चाराला दगड आहे, कबूल.

*

शब्द आवडला, पण सरकारनं गर्भाशयात हात घातलेला त्यांना चालतो, त्याचं काय? मार्च २०११मधला किस्सा याच संदर्भातला आहे. सिनेटच्या ऊर्जा समितीपुढे ऊर्जा खात्याच्या एक अधिकारी आल्या होत्या. विषय, दिव्यांच्या आणि उपकरणांच्या कार्यक्षमतेचे नियम. पॉल यांनी त्यांना विचारलं की तुम्ही ‘प्रो-चॉईस’ आहात का. रोख असा की बाईला गर्भपाताची निवड हवी म्हणता, मग मला दिव्याच्या गोळ्याची निवड का नाही? पुढे गाडी संडासावर गेली. सरकारी नियमांमुळे कमी पाणी सोडणाऱ्या टाक्या आल्या आणि माझ्या घरातले संडास धड चालत नाहीत, अशी तक्रार भर समितीत नोंदवली.

लोक हसले, पण भाषेच्या अंगानं तो नामी डाव होता. समोरच्याचा लाडका शब्द उचलून त्याच्याच अंगावर टाकायचा. मराठीत हे जमणार नाही. आपण ‘प्रो-चॉईस’ला ‘गर्भपाताच्या हक्काचे समर्थक’ म्हणतो, त्यात गोळा बसवायला जागाच नाही. धागाकर्तीच्या लेखात हा प्रसंग असेल तर ‘निवड’ हा शब्द दोन्हीकडे राखा, नाहीतर वाक्य मरेल.

*

एक मुद्दा अजून कोणी काढला नाही. पक्षांतर्गत फेरी जिंकल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मे २०१०मध्ये, रेचल मॅडो यांच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात पॉल अडकले ते १९६४च्या नागरी हक्क कायद्यावरून. सरकारी भेदभावावर बंदी मान्य, वंशभेद वाईटच, पण खाजगी हॉटेलवाल्यानं कोणाला वाढावं हे सरकारनं सांगावं का, असा त्यांचा सूर होता. गदारोळ झाल्यावर, आपण त्या कायद्याच्या बाजूनं मत दिलं असतं, असं सांगून मोकळे झाले.

हे वाचताना मराठी माणसाला महाड आठवायला हवं. १९२७च्या सत्याग्रहानंतर सवर्ण मंडळी कोर्टात गेली ती काय म्हणून? चवदार तळं ही आमची खाजगी मालमत्ता आहे, म्हणून. १९३७मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो दावा फेटाळला. आणि घटनेच्या कलम १५मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव यांचा नाव घेऊन उल्लेख आहे तो उगीच नाही. म्हणून ‘स्वातंत्र्य’ या धातूचा कुठलाही शब्द या मतप्रणालीला देताना माझा हात अडखळतो. दाराशी उभं राहून ‘तू आत येऊ नकोस’ म्हणण्याची मुभा आणि आत जाण्याची मुभा, दोन्हींना एकच शब्द कसा द्यायचा?

*

‘स्वातंत्र्य’ हा धातू नाही :) बाकी मुद्दा पटला. पण पॉल यांना जातीयवाद्यांच्या रांगेत बसवणं अन्याय होईल, ते भेदभावाचं समर्थन करत नव्हते.

*

त्यांनी केलं असं मीही म्हटलं नाही. युक्तिवाद कोणाच्या हातात गेल्यावर काय होतो, एवढंच. धातूबद्दल कान पकडले.

*

मराठीत असा माणूस झाला आहे हे विसरता कसे? शरद जोशी. १९९४मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. नावातच राजाजी आणि मसानींच्या स्वतंत्र पक्षाची आठवण आहे, आणि ‘परमिट-लायसन्स राज’ ही राजाजींचीच शिवी. २००४ ते २०१० राज्यसभेत होते. प्रत्येक पक्षानं समाजवादाशी निष्ठा सांगितलीच पाहिजे, ही लोकप्रतिनिधित्व कायद्यातली अट काढा म्हणून त्यांनी खाजगी विधेयक आणलं. ९ मार्च २०१०ला महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ मतानं मंजूर झालं, तो ‘१’ म्हणजे जोशी. चांदवडला १९८६मध्ये बायकांचं प्रचंड अधिवेशन भरवणारा आणि लक्ष्मीमुक्तीतून त्यांच्या नावावर जमिनी करायला लावणारा हाच माणूस.

या माणसाला आपण काय म्हणत होतो? ‘शेतकरी नेते’. मतप्रणालीचं नाव कोणी विचारलंच नाही. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हटलं की कळत होतं. ‘खुली व्यवस्था’ हा शब्द त्या चळवळीत रुळलेला होता. ‘खुल्या व्यवस्थेचा पुरस्कर्ता’ कसं वाटतं?

*

अर्थकारणापुरतं उत्तम. पाळत आणि युद्ध यांना पुरत नाही.

*

सगळे ‘लिबर्टेरियन’वर भांडताय, खरी मेख ‘लीनिंग’मध्ये आहे. पॉल स्वतः २०१०मध्ये सांगत होते की मी लिबर्टेरियन नाही, हे लेबल म्हणजे गळ्यात बांधलेली धोंड आहे. ‘घटनानिष्ठ कॉन्झर्व्हेटिव्ह’ असं स्वतःला म्हणवत. मग पत्रकारांनी ‘लीनिंग’ची पळवाट काढली. नंतर, बहुधा धोंडीची सवय झाल्यावर, त्यांनीच ‘लिबर्टेरियन-इश’ म्हणायला सुरुवात केली.

या ‘इश’साठी मराठीइतकी श्रीमंत भाषा नाही. निळसर, तांबूस, काळपट, हिरवट, पिवळट, आंबूस. ‘लिबर्टेरियनसर’ म्हणा ना! ‘लीनिंग’साठी मात्र ‘धार्जिणा’ नको, त्यात लाळघोटेपणा येतो. ‘झुकलेला’ हिंदी ‘झुकाव’ची आठवण देतो. ‘वळणाचा’ घ्या. घराण्याचं वळण, अक्षराचं वळण. वडिलांकडून आलेलं आहे, पण पूर्ण तसं नाही, हे त्यात आपोआप येतं.

*

धागाकर्ती :

‘वळणाचा’ घेतला! वडिलांचा धागा त्यात येईल हे माझ्या डोक्यातही नव्हतं. मुख्य शब्द शेवटी ‘लिबर्टेरियन’ असाच ठेवते आहे. सगळ्यांच्या सूचना वापरायच्या तर विशेषण परिच्छेदाएवढं होतं, मग परिच्छेदच लिहावा. पहिल्या उल्लेखाचं वाक्य असं :

“केंटकीचे नवनिर्वाचित सिनेटर रँड पॉल हे लिबर्टेरियन वळणाचे. बाजार असो, नागरिकाचा फोन असो की परका देश, सरकारनं तिथे हात घालू नये, असं मानणारे. गर्भपात मात्र याला अपवाद.”

पुढे सगळीकडे नुसतं ‘पॉल’. दर परिच्छेदातलं विशेषण सरळ गाळते. संपादक विचारतील तर हा धागा दाखवेन.

*

‘नवनिर्वाचित’ काढा आणि ‘नव्यानं निवडून आलेले’ करा. नवनिर्वाचित माणसाला मराठीत फक्त हार घालतात, त्याची मतं कोणी विचारत नाही.

*

आणि ‘हे’ कशाला? ‘रँड पॉल लिबर्टेरियन वळणाचे’ पुरे.

*

धागाकर्ती :

‘हे’ काढलं. हार राहू दे, लेखात माणूस नुकताच जिंकलाय.