फिक्सीला क्रँकसेट कुठला: जुना रोडचा, सुगिनो आरडी२ की ओम्नियम?

कळंबा_फिक्सी

मंडळी, फिक्सीसाठी (एकच गिअर, चाक फिरतं तोवर पायडलही फिरतंच अशी सायकल) फ्रेम एकदाची हातात आली. जुनी स्टीलची, मागची रुंदी १२० मिमी, बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा एक्सल आणि बेअरिंग) बसतो ते शेल ६८ मिमी, इंग्लिश आटे. मागे ट्रॅक हब आणि १७ दातांचा जाड, एक-अष्टमांश इंची कॉग (मागचं दातेरी चक्र). पुढचा ब्रेक लावलाय आणि तो काढणार नाही, घरी शब्द दिलाय. अडलंय ते क्रँकवर, म्हणजे पायडल धरणाऱ्या दांड्यांवर.

मित्राच्या गिअर सायकलवरून उतरवलेला रोड क्रँक फुकट मिळतोय: दांडी १७० मिमी, १३० बीसीडी (पात्यांचे बोल्ट बसतात त्या वर्तुळाचा व्यास), ५३-३९ दातांच्या पात्यांसकट, म्हणजे पुढच्या दातेरी चक्रांसकट. नवा घ्यायचा तर सुगिनो आरडी२, १६५ मिमी. आणि पुण्यात एकाकडे वापरलेला स्रॅम ओम्नियम आहे, १६५ चाच, बीबीसकट, ४८ दातांचा. ओम्नियमचे फोटो बघितल्यापासून दुसरं काही सुचत नाही, खरं सांगतो.

रोज कळंब्याहून गोकुळ शिरगावला कामावर जायचं. रविवारी रंकाळ्याला फेरी, जमलं तर पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळपर्यंत. कुठला घेऊ?

पंचगंगा_घाट

ओम्नियम घे भावा, विचार कसला करतोस? उभा राहून दाबलास तरी दांडी जरा म्हणून हलत नाही. नाद खुळा क्रँक आहे.

लेथवाला_उद्यमनगर

माझा उद्यमनगरात लेथचा गाळा आहे. तीस वर्षं शाफ्ट आणि बुश बसवण्यातच गेली, म्हणून कळकळीनं सांगतो: क्रँक घेताना दांडी नंतर बघ, आधी ती एक्सलवर चढते ते भोक बघ.

फ्रीव्हीलच्या, म्हणजे पाय थांबवले तरी चालत राहणाऱ्या, सायकलवर पायाचा जोर एकाच दिशेनं पडतो. फिक्स्डवर उताराला वेग आवरायला तू पाय मागं दाबतोस, तेव्हा तोच जोर उलटा होतो. दिवसभर पुढं-मागं, पुढं-मागं. एक्सल पोलादाचा, क्रँक ॲल्युमिनियमचा. फिटिंगमध्ये केसाएवढा प्ले राहिला तरी मार ॲल्युमिनियमच खातं.

दोन पावसाळ्यांमागं माझ्याच सायकलचं असं झालं. आयएसओ टेपरचा (टेपर म्हणजे एक्सलच्या चौकोनी टोकाचा निमुळतेपणा, त्याची आयएसओ आणि जेआयएस अशी दोन मापं) क्रँक मिळाला, तो मी घरात पडलेल्या जपानी, म्हणजे जेआयएस टेपरच्या एक्सलवर चढवला. दोन्हीचा उतार दोन अंशांचाच, त्यामुळं चढताना कुठं अडत नाही. पण आयएसओचा चौकोन बारीक, म्हणून क्रँक पाहिजे तिथं पोचायच्या आधी साडेचार मिमी बाहेरच थांबतो. मला वाटलं बसला, आवळला बोल्ट. चौथ्या दिवशी शिवाजी पुलावर डाव्या पायाखाली प्रत्येक फेऱ्याला टक्, टक्. पायडल सैल असेल म्हणून तसाच घरापर्यंत आलो. ती चूक झाली. गाळ्यावर क्रँक उतरवला तर भोकाच्या आतल्या भिंती आरशासारख्या घासलेल्या आणि चारही कोपरे गोल व्हायला लागलेले. असं भोक परत कितीही आवळा, धरत नाही. तीस वर्षं दुसऱ्यांची फिटिंग तपासणाऱ्या माणसानं स्वतःची तपासली नाही, याचं अजून वाईट वाटतं.

आता तुझं. फुकटचा रोड क्रँक सोड. त्या पात्यांचे दात गिअर बदलताना चेन सहज उतरावी म्हणूनच आखूड-तिरके कापलेले असतात. तुला चेन उतरायला नकोच आहे. फिक्स्डवर चेन उतरून अडकली तर मागचं चाक चालत्या गाडीत जाम होतं. शिवाय तो १७०. वळणावर तुला पाय थांबवता येत नाही, खालचं पायडल रस्त्याला टेकलं की मागचं चाक उचललं जातं. १६५ ला पायडल ५ मिमी वर राहतं आणि बुटाचं टोकही पुढच्या चाकाला कमी लागतं. गंगावेशीच्या गर्दीत वळताना दोन्ही उपयोगी.

स्वस्तातला बिननावाचा क्रँकही घेऊ नकोस. आपलं गाव ओतकामाचं, ओतीव ॲल्युमिनियमच्या पोटात पोकळ्या कशा राहतात ते इथं पोरांनाही ठाऊक आहे. तिथूनच चीर सुटते. क्रँक घडीवच पाहिजे. सुगिनो आणि ओम्नियम दोन्ही घडीव आहेत.

माझं मत आरडी२. फक्त बीबी जेआयएस टेपरचा, १०३ मिमीचाच घे. दुकानात १०३ नाही म्हणून ११० देतील. तो घेतलास की चेनव्हील, म्हणजे पुढचं पातं, साडेतीन मिमी बाहेर गेलंच म्हणून समज. आधी मागची चेनलाइन, म्हणजे सायकलच्या मध्यरेषेपासून चेनचं अंतर, मोज: ड्रॉपआउटच्या (मागचा एक्सल बसतो त्या खाचेच्या) आतल्या तोंडापासून कॉगच्या दाताच्या मध्यापर्यंत व्हर्नियर लाव, येईल ते ६० मधून, म्हणजे १२० च्या निम्म्यातून, वजा कर. ४२ च्या आसपास यायला पाहिजे. किती येतंय ते इथं टाक.

ताराबाई_पार्क_सायकल

काकांचं टेपरचं म्हणणं पटलं, पण ओम्नियमला चौकोनी टेपरच नाही, हे लिहायला हवं होतं. मी चार वर्षं तोच चालवते. एक्सल उजव्या क्रँकलाच जोडलेला, डावा क्रँक स्प्लाइनवर, म्हणजे एक्सलच्या खाचांवर, बसतो, काढायला पुलर (क्रँक ओढून काढायचं अवजार) लागत नाही. बळाला एक नंबर.

तरी वापरलेला घेताना सांभाळा. डाव्या क्रँकच्या स्प्लाइन आणि पायडलचे आटे हातात घेऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बेअरिंग शेलच्या बाहेर असतात, आपल्याकडच्या पावसात तांबडं पाणी थेट त्यांवर उडतं. माझं दर पावसाळ्यानंतर उघडून बघावं लागतं. शिवाय तो १४४ बीसीडीचा, ४२ च्या खाली चेनव्हील शोधत बसावं लागेल. आरडी२ च्या १३० ला ३८ पर्यंत जाता येतं. मी पुढच्या ४८ ला मागं १९ लावलाय. ४८-१७ घेऊन जोतिबाला निघाले होते, अर्ध्यात उतरून ढकलली.

कळंबा_फिक्सी

ताई, काका, मनापासून आभार. व्हर्नियर मागून आणला. १८.२ आलं, म्हणजे ४१.८. आरडी२ आणि १०३ चा बीबी सांगून टाकला. दात किती घेऊ, ४४, ४६ की ४८?

लेथवाला_उद्यमनगर

४१.८ म्हणजे झकास. आता पुढची चेनलाइन: सीट ट्यूब (सीटखालची नळी) २८.६ ची असेल तर तिची अर्धी १४.३. नळीच्या बाहेरच्या कडेपासून चेनव्हीलच्या दाताच्या मध्यापर्यंत साडेसत्तावीस मिमी आलं की दोन्ही एका रेषेत.

४४ घे. १७ ला तिन्ही चालतात, कारण १७ ला कशानंच भाग जात नाही. पाय अडवून चाक घसरवलंस तर टायर १७ वेगवेगळ्या जागी झिजतो. ४८ ला १६ लावणारे बघितलेत, सरळ तीनास एक, टायर एकाच जागी कापड दिसेपर्यंत घासतो. ४४-१७ ला ताशी ४० चा वेग म्हणजे मिनिटाला सव्वाशेच्या जवळ फेरे. वाघबीळच्या उताराला तेवढे पाय फिरत नाहीत, तिथं पुढचा ब्रेक आधीपासून धरायचा.

चेनव्हीलचे पाच बोल्ट एकदम आवळू नकोस. अर्धवट ठेव, क्रँक फिरव, चेन सगळ्यात ताठ कुठं होते ते बघ आणि तिथं पान्याच्या लाकडी मुठीनं चेनला वरून हलकं ठोक. चेनव्हील सरकतं. दोन-चार फेऱ्यांत ताण सगळीकडं सारखा लागला की आवळ. ताठ जागीही मधोमध बोटानं दाबल्यावर चेन सेंटीमीटरभर हलली पाहिजे.

क्रँक बोल्टला ३५ ते ४० न्यूटन-मीटर. टॉर्क पाना माझ्याकडं आहे, अंदाजानं आवळू नकोस. आणि बीबीच्या उजव्या कपाचे आटे उलटे असतात, तो घरी जोर लावून फिरवत बसू नकोस. पार्सल आलं की फ्रेम घेऊन सरळ गाळ्यावर ये, सात वाजेपर्यंत मी असतोच.