‘लोफ’ला मराठीत काय म्हणायचं? (नातू लोफर नाही हे आजीला पटवायचंय)

कोपऱ्यातला बाबा:
मंडळी, एक अडचण आहे. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो, मुलगा १६ वर्षांचा, शाळेच्या टीमकडून अमेरिकन फुटबॉल खेळतो, कॉर्नरबॅक आहे. म्हणजे मैदानाच्या पार कडेला समोरच्या रिसीव्हरपुढे उभं राहायचं आणि त्याला पास झेलू द्यायचा नाही. शुक्रवारी रात्री मॅच असते आणि शनिवारी कोच एकेक चाल बघून हडलवर (मॅचचे व्हिडिओ बघायचं ॲप) शेरे टाकतात. गेल्या आठवड्यात याच्या नावापुढे ‘लोफ ३’ असं आलं. माझी आई सध्या इथे आलीय, मूळची माणदेशातली, तिने विचारलं काय लिहिलंय आणि मी घाईघाईत बोलून गेलो, अगं तीनदा लोफरपणा केला म्हणतायत. झालं! दोन दिवस नातवाशी अबोला. तिला वाटलं कुठे नाक्यावर उभा राहून शिट्ट्या मारत होता.

आता नीट सांगायचंय तर शब्द सापडत नाहीये. पोरगा आळशी नाही, पासच्या चालीत वाऱ्यासारखा पळतो. पण समोरच्याने बॉल हातात घेऊन धावायचं ठरवलं आणि तेही पलीकडच्या बाजूने, की हा दोन-चार पावलं टाकतो आणि मग हळूच चालायलाच लागतो. त्याला लोफ म्हणतात. पळता पळता वेग कमी केला तरी लोफ, आपल्यापेक्षा जाड्या लायनमनने आपल्याला ओलांडून पुढे जाऊन पकड केली तरी लोफ.

शब्दवेडी:
कामचुकारपणा. सोपं आहे की.

आडमुठा७२:
कामचुकार म्हणजे ज्याला काम नेमून दिलंय आणि तो टाळतोय. इथे बॉल पलीकडे गेलाय, याचं काम संपलंच ना? मग चुकवलं काय?

कोपऱ्यातला बाबा:
मुलाचं म्हणणं अगदी हेच! कोचचं म्हणणं उलटं. मैदान ५३ यार्ड रुंद, बॉल गेला पलीकडे, तरी मागे राहिलेल्या कॉर्नरने आधी क्षणभर बघायचं की हे फसवून परत आपल्याच बाजूला तर येत नाहीत ना, आणि मग तिरपं खोल पळत सुटायचं, कारण बाकीचे दहाजण चुकले तर शेवटचा माणूस तोच. दहातल्या नऊ वेळा ते पळणं फुकट जातं. म्हणून तर पोरं चालतात.

जुना गडी:
मी लालबागला कबड्डी खेळलोय, आमच्याकडे याला सरळ अंगचोर म्हणायचे. साखळीत हात धरून उभा, चढाईवाला अंगावर आला की हात सुटलाच म्हणून समजा. आणि कॉर्नरबॅक काय लावलंय, कोपरारक्षक म्हणा. पेपरात रोज छापून येतो तो शब्द.

तळ्यात मळ्यात:
अंगचोर हा शब्द सुंदर आहे पण तो दुसऱ्या गुन्ह्याला. मी एनएफएल, म्हणजे तिकडची व्यावसायिक लीग, वीस वर्षं बघतोय, तिथे पकड करायची वेळ आलेली असताना डिफेन्सिव्ह बॅक (कॉर्नरसारखे मागचे रक्षक) जरा उशीर करतो, खांदा घालायच्या ऐवजी नुसता हात लावतो, त्याला गमतीने ‘बिझनेस डिसिजन’ म्हणतात. ही खरी अंगचोरी. डिऑन सँडर्स, पास अडवण्यात त्याच्या तोडीचा कॉर्नर सापडणं कठीण, पण पकडीच्या बाबतीत त्याची आयुष्यभर चेष्टा झाली. पण त्या पोरांची बाजू पण बघा. बॉल घेऊन धावणारा डेरिक हेन्री ११० किलोच्या वर, २०२० मध्ये जॉश नॉर्मन बिचारा त्याला अडवायला गेला आणि त्याने एका हाताने याला असा भिरकावला की अजून ती क्लिप फिरतेय. सिएटलच्या मार्शॉन लिंचची २०११ ची ती ६७ यार्डांची धाव, त्यात ट्रेसी पोर्टर असाच जमिनीवर. हाच पोर्टर वर्षभरापूर्वी सुपर बोलमध्ये, म्हणजे फायनलला, पेटन मॅनिंगचा पास चोरून हिरो झाला होता. जो गेला त्याचं हसं झालं आणि जो गेलाच नाही त्याची क्लिपच नाही!

शब्दवेडी:
बरं मग ‘हयगय’? कर्तव्यात हयगय केली. यात वेग पण येतो. हय म्हणजे घोडा आणि गय म्हणजे गज, हत्ती. आधी घोड्यासारखा पळाला, मग हत्तीसारखा चालायला लागला, ती हयगय. तुमच्या मुलाचं वर्णनच आहे हे 😀

आडमुठा७२:
ही व्युत्पत्ती कुठल्या कोशात आहे?

शब्दवेडी:
आमच्या घरच्या. वडील सांगायचे.

आडमुठा७२:
बरोबर, घरगुती व्युत्पत्तीचा उद्योग जोरात चालू आहे. मागे एकाने लोफर हा ‘लो’ आणि ‘फिर’ वरून आलाय असं सांगितलं होतं. सरळ इंग्रजीतून आलाय हो, आणि इथे येऊन चांगलाच बिघडलाय. तिकडे लोफर म्हणजे नुसता रिकामटेकडा, आपल्याकडे आल्यावर तो पोरींची छेड काढायला लागला. माझं मत विचाराल तर लोफला ‘लोफ’च म्हणा. खेळ त्यांचा, शब्द त्यांचा. क्रिकेटमध्ये आपण यॉर्कर म्हणतोच ना.

जुना गडी:
मग चढाई, पकड, लोण हे पण सोडून द्या आणि रेड, टॅकल म्हणा. टीव्हीवाले म्हणायला लागलेतच.

तळ्यात मळ्यात:
त्यांचे शब्द तरी कुठे धड आहेत. कडेने धावणाऱ्याला बाहेर निसटू न देता आत ढकलायची जबाबदारी सेफ्टीची (सगळ्यात मागे उभा राहणारा रक्षक) असली तर त्याला ‘स्काय’ म्हणतात आणि कॉर्नरची असली तर ‘क्लाऊड’. मी वर्षभर समजत होतो की कॉर्नर ढगासारखा वरून झाकोळतो म्हणून क्लाऊड. शेवटी कळलं की एस वरून सेफ्टी म्हणून स्काय, सी वरून कॉर्नर म्हणून क्लाऊड, संपला विषय. आणि रिसीव्हर आतल्या बाजूला येऊन सेफ्टीला आडवा पाडायला लागला की कॉर्नरने ‘क्रॅक क्रॅक’ असं ओरडून स्वतः सेफ्टीच्या जागी धावायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कोणाला तरी वेडा म्हणतायत.

म्हसवडचा:
मी खेळ बघितलेला नाही पण बाबांच्या आई माणदेशातल्या म्हणाल्या म्हणून लिहितोय. तो आत ढकलायचा प्रकार जरा उलगडून सांगाल का.

कोपऱ्यातला बाबा:
हो. समजा धावणारा कडेने येतोय आणि त्याच्यापुढे त्याचा एक भिडू वाट मोकळी करायला. कॉर्नरने त्या भिडूला आतल्या खांद्याने भिडायचं, बाहेरचा हात मोकळा ठेवायचा. त्याच्या आतून घुसून हिरोगिरी करायची नाही, कारण चुकलास तर बाहेर सगळं रान मोकळं. पकड तू केलीच पाहिजे असं नाही, त्याला आत घाल म्हणजे झालं, आतल्या गल्लीतून सेफ्टी येतोय तो बघेल. कोच बाहेरून ‘कंटेन कंटेन’ ओरडत असतो.

म्हसवडचा:
अहो मग हे गुरं वळणं आहे! खोंड कळपातून फुटला की त्याच्या बाहेरच्या अंगाला राहायचं, काठी बाहेरच्या हातात, आत वळवायचा. त्याच्या मागं धावणाऱ्याला आमचा आजा शिव्या द्यायचा. मागं पळून खोंड कधी गावतो होय? त्याला ‘आडवा जा’ म्हणायचा. म्हणजे खोंड आत्ता आहे तिकडं बघायचं नाही, तो जिथं जाणार तो बांध आपण आधी गाठायचा. आणि एखादं पोरगं लिंबाच्या सावलीतनं ‘दुसरा गेलाय की’ म्हणत बसून राहिलं तर म्हणायचा, ‘वळत्याला सावली नसती’. तुमच्या आईला एवढंच सांगा, पोरगा आडवा गेला नाही.

तळ्यात मळ्यात:
क्या बात है. पाठलाग म्हटलं की माणूस मागेच लागतो, ‘आडवं जाणं’ मध्ये तो कोन आपोआप येतो. डॅरेल ग्रीनचं १९८३ चं आठवलं, वॉशिंग्टनकडून पहिलीच मॅच, समोर डॅलसचा टोनी डॉर्सेट बॉल घेऊन मोकळा सुटलेला, ७७ यार्ड धावला, आणि हा नवखा कॉर्नर मैदानाच्या पलीकडून तिरपा येऊन त्याला गाठतो. टचडाऊन वाचला. मॅच हरले ते सोडा, ३१-३०.

कोपऱ्यातला बाबा:
आईला सांगितलं. फोनवर ती क्लिप पण दाखवली, चौदावी चाल, बॉल पलीकडे आणि आमचे चिरंजीव कमरेवर हात ठेवून. तिने दोनदा मागे घ्यायला लावली. मग त्याला हाक मारून म्हणाली, ‘हितं फिराया आला व्हतास का?’ अबोला सुटला पण आता रोज संध्याकाळी अंगणात ती खुर्ची टाकून बसते आणि हा आडवा पळतो. लोफला शब्द मात्र अजून मिळालेला नाहीच.

शब्दवेडी:
एक शंका. गुरं वळणं आणि लाडू वळणं हे क्रियापद एकच का? लाडू वळताना पण बाहेर सुटणारी कळी बोटांनी आत घ्यावी लागते. मला तर एकच वाटतंय.

आडमुठा७२:
आला घरचा कोश परत.

वऱ्हाडी ठेचा:
आमच्याकडे कोणी गुरं वळत नाही. ढोरं चारतात, आन चारनारा ढोरकी. वळतात ते फक्त लाडूच.

रत्नांग्रीकर:
आणि आमच्याकडे गुरं राखतात. वळायला इतकं सपाट रान आहे कुठे, एक बाजू डोंगर, एक बाजू वहाळ, गुरू जाऊन जाऊन जाणार कुठे?

म्हसवडचा:
राखणं वेगळं, वळणं वेगळं. राखणारा बसून राखू शकतो.

रत्नांग्रीकर:
बसून?? एकदा या पावसात गुरं घेऊन.