काल्पनिक पात्रांत जास्त हुशार कोण, हे तुम्ही कशावरून ठरवता?

होम्स की पॉयरो, एल की लाइट, टोनी स्टार्क की रीड रिचर्ड्स, हे वाद आपण सगळेच तावातावाने घालतो. या धाग्यावर निकाल नकोय, तुमचा निकष हवाय. कोणत्या प्रसंगावरून तो ठरला, तेवढं मात्र सविस्तर लिहा.

*

माझी ताई शेरलॉक होम्सच्या थोरल्या भावाच्या, मायक्रॉफ्टच्या बाजूची. 'द ग्रीक इंटरप्रिटर' (१८९३) मध्ये दोघे भाऊ खिडकीतून रस्त्यावरच्या एका माणसाला न्याहाळतात. माजी सैनिक, हिंदुस्थानात नोकरी केलेला, विधुर, इथवर दोघं बरोबरीने येतात. शेरलॉक म्हणतो, एक मूल आहे. मायक्रॉफ्ट लगेच दुरुस्त करतो: एक नाही, मुलं. कारण त्या माणसाकडे तान्ह्या बाळाचा खुळखुळा आहे आणि काखेत चित्रांचं पुस्तकही आहे. ताईच्या मते इथे विषय संपतो.

मला नाही पटत. त्याच कथेत शेरलॉक सांगतो की मायक्रॉफ्टला आपलं म्हणणं सिद्ध करण्यासाठी उठायचाही कंटाळा, त्यापेक्षा लोकांनी चूक ठरवलं तरी चालेल. चिखलात उतरून पुरावा आणणं हा बुद्धीचाच भाग आहे, असं मी धरते. ताई त्याला स्वभाव म्हणते. आमचं घोडं कायम इथेच अडतं.

*

ज्ञानावरून तर अजिबात मोजू नये. होम्सच्या १८८७ च्या पहिल्याच कादंबरीत त्याचा मित्र वॉटसन त्याच्या ज्ञानाची यादी करतो, त्यात खगोलशास्त्रापुढे शून्य आहे.

*

मी 'डेथ नोट' या जपानी चित्रकथेवाला. माझा निकष एकच: कोणाच्या हातात किती माहिती होती? 'किरा' नावाने ओळखला जाणारा खुनी म्हणजे लाइट; त्याच्याकडे नाव लिहिलं की माणूस मारणारी वही आहे, तिचे नियम त्याला वाचता येतात. त्याला शोधणाऱ्या गुप्तहेर एलला अशी वही असते हेच माहीत नाही. तरीही तो स्वतःच्या नावाने भलत्याच माणसाला टीव्हीवर बसवतो, प्रक्षेपण जगभर चालू असल्याचं भासवतो आणि प्रत्यक्षात ते फक्त जपानच्या कांतो भागात दाखवतो. तो माणूस कॅमेऱ्यासमोर मरतो आणि एका फटक्यात दोन गोष्टी कळतात: किरा कांतोत आहे आणि तो हात न लावता मारू शकतो. एवढ्या तुटपुंज्या माहितीवर इतकी मजल मारणारा माझ्या लेखी वरचढ, शेवट काहीही होवो.

*

संख्याशास्त्र शिकवते, म्हणून एक विनंती. 'त्याचा आयक्यू ३००' असले आकडे वादात आणू नका. नेहमीच्या मोजपट्टीत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) १५ असतं. १६० च्या वर लाखात साधारण तिघंच येतात. ३०० म्हणजे सरासरीपासून १३ विचलनांहून जास्त लांब, तिथे त्या आकड्याला काही अर्थच उरत नाही.

*

मी रहस्यकथा लिहितो, त्यामुळे माझं लक्ष आधी सोबत्याकडे जातं. रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांत वॉटसनछाप मित्राची बुद्धी सामान्य वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचितच कमी असावी असं म्हटलंय. सोबती फारच मठ्ठ केला की गुप्तहेर आयताच हुशार दिसतो, आणि ती हुशारी मी धरत नाही. होम्सच्या कथेतल्या आयरीन ॲडलरला मात्र मी फार वर ठेवतो. होम्स ऐन भरात असताना ती त्याचा डाव ओळखते आणि त्याला हवा असलेला फोटो घेऊन निघून जाते. तिला मोठं दाखवायला लेखकाने कुणालाही बावळट केलेलं नाही.