दीव शहर एका दिवसात पाहायचे असल्यास सुरुवात कोठून करावी?

प्रश्न

नमस्कार. डिसेंबरमध्ये आम्ही सोमनाथला जाणार आहोत आणि त्यातला एक पूर्ण दिवस दीवसाठी राखून ठेवला आहे. माझे बालपण वसईत, किल्ल्याच्या सावलीत गेले. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढच्याच वर्षी दीवला किल्ला बांधण्याची परवानगी दिली, हे वाचल्यापासून ही दुसरी जागा पाहण्याची फार इच्छा आहे. समुद्रकिनाऱ्यांत आम्हांला विशेष रस नाही. तटबंदीच्या आतले जुने शहर मात्र नीट समजून घ्यायचे आहे. सोबत आई आहे, तिचे गुडघे दुखतात. किल्ला सकाळी पाहावा की संध्याकाळी?

प्रतिसाद १

किल्ला शेवटी ठेवावा आणि सुरुवात झांपा दरवाजापासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. बहुतेक प्रवासी घोघल्याच्या पुलावरून येतात, थेट किल्ल्यात शिरतात, तोफांजवळ छायाचित्रे काढतात आणि नागव्याच्या किनाऱ्याकडे निघून जातात. त्यामुळे हे शहर कोणाच्या भीतीने असे रचले गेले, हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

दीव बेटाच्या अगदी पूर्व टोकाला शहर आहे आणि शहराच्याही पूर्व टोकाला किल्ला. उत्तरेला खाडी, दक्षिणेला समुद्र. उघडी बाजू एकच, ती पश्चिमेची, म्हणजे बेटाच्याच उरलेल्या भागाची, आणि शहराचा तट नेमका तेथे आडवा घातलेला आहे. झांपा दरवाजा याच तटात आहे. त्यावर कोरलेले सिंह आणि देवदूत थोडे थांबून पाहावेत. तेथून आत शिरून जुन्या हवेल्यांच्या गल्ल्यांमधून, नगरशेठची हवेली पाहत, पूर्वेकडे चालत राहिल्यास आपण किल्ल्याच्या खंदकापाशी पोहोचतो.

येथे मात्र घाई करू नये. हा खंदक शहराच्या बाजूला खोदलेला आहे. १५३८ साली सुलेमान पाशाचे तुर्की आरमार समुद्रात उभे असताना गुजरातच्या फौजांनी बेट आणि शहर ताब्यात घेतले होते आणि पोर्तुगीज किल्ल्यात कोंडले गेले होते. १५४६ च्या वेढ्यातही जमिनीकडून तसाच मारा झाला. गोव्याहून पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव दी काश्त्रु कुमक घेऊन आला तेव्हा कोठे तो वेढा उठला. तटाकडून खंदकापर्यंत स्वतः चालत गेलो, तेव्हा हे वेढे मला खऱ्या अर्थाने कळले. किल्ल्याला शत्रू समुद्राकडून येण्याची जेवढी धास्ती होती, तेवढीच शेजारच्या शहराकडूनही होती.

वसईशी तुलना करणार असाल तर एक फरक ध्यानात ठेवावा. वसई १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकली. दीव मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिले. त्यामुळे वसईच्या किल्ल्यात आपण ओसाड चर्चमधून फिरतो, तर येथील सेंट पॉल चर्चमध्ये आजही प्रार्थना होते. त्याचे आतले काळसर लाकडी कोरीवकाम अवश्य पाहावे.

प्रतिसाद २

वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे; आईंच्या दृष्टीने थोडी भर घालतो. झांपा दरवाजापासून किल्ल्यापर्यंतचे सगळे अंतर त्यांना चालायला लावू नये. दरवाजा आणि एखादी गल्ली एकत्र पाहावी, पुढे त्यांना रिक्षाने सेंट पॉल चर्चपाशी न्यावे आणि आत बाकावर निवांत बसू द्यावे. किल्ल्यात तटावर सावली जवळजवळ नाही, म्हणून ऊन उतरल्यावरच जावे. खाडीच्या मधोमध उभा असलेला पाणीकोठा, म्हणजे छोटा जलदुर्ग, बंदराच्या धक्क्यावरूनही छान दिसतो, त्यासाठी चढण्याची गरज नाही.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. खंदकाची दिशा मी नकाशात पाहिली होती, पण तिचा अर्थ असा लावला नव्हता. तटाबाहेरचे नायडा गुंफांचे ठिकाण याच दिवसात बसेल का?

प्रतिसाद ३

अवश्य बसेल, आणि झांपा दरवाजाच्याही आधी बसवावे, कारण त्या गुंफा तटाच्या जवळच आहेत. किल्ल्यासाठी दगड काढून काढून त्या तयार झाल्या, असे स्थानिक लोक सांगतात. छताच्या भोकांतून ऊन खाली उतरते तेव्हा भिंतींवरच्या छिन्नीच्या आडव्या रेघा स्पष्ट दिसतात. दगडाला बोट लावून पाहा: पिवळसर, खरबरीत, वाळू घट्ट दाबून बसवल्यासारखा चुनखडक आहे. संध्याकाळी किल्ल्याच्या तटावर हात ठेवाल तेव्हा तोच खरबरीतपणा पुन्हा हाताला लागेल. आईंना मात्र आत नेऊ नका. जमीन फार उंचसखल आहे.

आपण डिसेंबरमध्ये जात आहात, म्हणून आणखी एक विनंती. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळच्या समुद्रात आयएनएस खुकरी बुडाली आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. त्यांचे स्मारक शहराबाहेर, समुद्रासमोरच्या टेकाडावर आहे. परतण्यापूर्वी पंधरा मिनिटे तेथे थांबावे.