भीती वाटायला अडाणी असावं लागतं का?

बालाघाटी

काल गोदाकाठ यांनी इथं लिहिलेलं वाचलं आणि रात्रभर डोक्यात तेच घोळत राहिलं. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं, की शिकलेल्या माणसाला घाबरवील असा भुताचा सिनेमा आपल्याकडं बनतच नाही. पांढरी साडी, करकरणारं दार, झालं. आणि ‘खरंच भीती वाटली’ म्हणणारे बहुतेक गावाकडचे असतात, त्यांना उंदीर पळाला तरी भूत वाटतं, म्हणून त्यांचं ऐकून सिनेमा निवडू नका. भाऊ, तुम्ही मूळचे नांदेडचे, आता पुण्यात. परक्यानं लिहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं.

मी केज तालुक्यातला. घराच्या मागं अडीच एकर ऊस. ‘लपाछपी’ २०१७ ला आला, मी तो नंतर मोबाईलवर बघितला, एकट्यानं. गरोदर बाई, उसाच्या मधोमध एकलं घर आणि उसात खेळणारी लेकरं. पडद्यावर फड दिसला आणि माझ्या कानात पानं घासायला लागली. ज्यानं उभ्या उसात रात्र काढली त्यालाच हे कळंल. ऊस डोक्याच्या वर गेला की आत वारा शिरत नाही. वर शेंडे हलतात, खाली सगळं गप्प. अशात गुडघ्याच्या उंचीवर कुठंतरी पाचट मोडलं की माणूस जागच्या जागी थांबतो. डुक्कर असंल, कुत्रं असंल. २०२० च्या नोव्हेंबर-डिसेंबरात आष्टीकडं बिबट्यानं माणसं मारली, तेव्हापासून तिसरंही नाव मनात येतं.

सिनेमा बघितला त्या आठवड्यात आमच्या फिडरला लाईट रात्री बाराची होती. बॅटरी काखेत धरून दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला गेलो. एक सरी भरली, दुसरीकडं पाणी फिरवलं, आणि तिसऱ्या सरीला माझा पाय उचलंना. मी बी.एस्सी. झालोय, भुतावर माझा काडीचा विश्वास नाही. तरी बांधावर येऊन बसलो आणि पाणी फुटून शेजाऱ्याच्या तुरीत गेलं. सकाळी त्यानं बोलून घेतलं ते वेगळं.

माझं म्हणणं एवढंच. ज्या सिनेमातली जागा दुसऱ्या दिवशी तुम्हाला टाळता येत नाही, तो खरा भीतीचा सिनेमा. बाकीच्यांत तुम्ही दचकता आणि जेवायला जाता.

गोदाकाठ

मी अडाणी हा शब्द वापरलेला नाही, तो तुमचा. पण उंदराचं वाक्य लिहायला नको होतं, ते मागं घेतो.

मुद्दा मात्र सोडत नाही. तुम्ही सांगायलात ती भीती सिनेमाची नाही, तुमच्या फडाची आहे. ती तुम्ही घरून घेऊन गेलात, सिनेमानं फक्त बटण दाबलं. ज्यानं ऊस रसवंतीतच बघितलाय त्याचं काय? ‘लपाछपी’चीच हिंदी आवृत्ती ‘छोरी’, २०२१ ची, दिग्दर्शक तोच. मी ती निम्मी बघून झोपलो, आणि झोप लागली.

आता ‘द एक्झॉर्सिस्ट’ घ्या. १९७३ चा सिनेमा, आपल्या जन्माच्या आधीचा. अंगात सैतान शिरलेल्या पोरीच्या खोलीचा सेट चक्क शीतगृहासारखा गार केला होता, नटांच्या तोंडातून वाफ दिसावी म्हणून. मी तो नांदेडला होस्टेलवर बघितला. पाद्री काय असतो, लॅटिन कशाशी खातात, काही ठाऊक नव्हतं. उन्हाळा, पंखा गरम हवा फेकायला, आणि ती वाफ बघून माझ्या अंगावर काटा. चार पोरं एका खाटेवर झोपलो. घरून काहीच न नेता भीती वाटली, ही खरी ताकद. तुमच्या सिनेमाला प्रेक्षकाच्या शेताची मदत लागते.

जत्रेकरी

दोघंबी वाद घाला, पण माळेगावच्या जत्रेत तंबूत बसून ‘पुराना मंदिर’ ज्यानं बघितला त्याच्याशी भीतीवर बोलू नका. मशिनचा आवाज एकीकडं, बाहेर उंटं-घोडी, आणि पडद्यावर त्यो राक्षस सामरी. १९८४ चा सिनेमा, आमच्या तंबूत लई उशिरा आला. भाऊ म्हणाला लघवीला चल, मी म्हणलं तू जा. कोणीच गेलं नाही.

परभणीची लेक

गोदाकाठ दादा, ‘सिनेमानं बटण दाबलं’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. तुम्हाला झोप लागली यात नवल नाही. तो सिनेमा ऊस कसा दिसतो यावर नाहीच. मुलगी नको, या हट्टावर आहे.

मी तीन बहिणींनंतरची चौथी. माझ्या वेळी आईला तालुक्याच्या गावी ‘दाखवायला’ नेलं होतं. सोनोग्राफी झाली, डॉक्टर काहीतरी बोलला, आणि आजी गाडीत गप्प बसून राहिली. आई सांगते, घरी आल्यावर तिला कोणी जेवायला वाढलं नाही. त्या रात्री ती माहेरी निघून गेली, म्हणून मी आहे. त्या सिनेमात वयस्कर बाई गरोदर बाईची सगळी काळजी घेते, खायला करून घालते, मायेनं बोलते. मला भूत दिसायच्या आधीच घाम फुटला होता, ती बाई ताट वाढत होती तेव्हा. माझ्या आजीचे हात तसेच होते. आणि आजीनं मला पुढं जीव लावून वाढवलं, हे आणखी अवघड.

लिंगनिदान बंदीचा कायदा १९९४ चा. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागं ८०७ मुली. राज्यात सगळ्यात कमी. ही भीती घरून नेलेली असंल तर असू दे. घर माझं एकटीचं नाही.

गोदाकाठ

ताई, तुमच्या आईला नमस्कार. पण याला मी भीती म्हणणार नाही. हे दुःख आहे, रागही आहे. भीती म्हणजे शरीराची गोष्ट, कानामागून थंड वाटतं ती. प्रत्येक जड भावनेला भीती म्हणायला लागलो तर बातम्यांनाही भुताचा सिनेमा म्हणावं लागंल.

परभणीची लेक

घाम फुटला असं लिहिलंय मी. घाम शरीरालाच फुटतो.

चिकित्सक

सगळे कोणता सिनेमा जास्त भारी यात अडकलेत. या सिनेमांनी काय करून ठेवलंय ते कोणी बोलंना. आमच्या गल्लीत नववीतली पोरगी होती, तिला फिट यायच्या. डोळे फिरवणं, दात खाणं, अंग ताठ होणं. घरच्यांनी टीव्हीवर तसंच बघितलेलं, म्हणून ‘बाहेरचं’ ठरवून टाकलं. आठ महिने अमावस्येला वाऱ्या केल्या. मिरच्यांची धुरी दिली. मी स्वतः जाऊन सांगितलं की २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे. तेव्हा कुठं औरंगाबादला मेंदूच्या डॉक्टरकडं नेलं. गोळी सुरू झाल्यावर महिन्याला येणारी फिट वर्षाला एक झाली. पण दहावी हुकली ती हुकलीच. तुमचा तो गार खोलीवाला सिनेमा मला कलाकृती म्हणून सांगू नका.

बालाघाटी

चिकित्सक सर, पोरीचं ऐकून वाईट वाटलं, खरंच. पण मी कोणताही विषय काढला तरी तुम्ही हाच घेऊन येता. धुरी देणारे लोक सिनेमा निघायच्या आधीपासून धुरी देतात. माझी पणजी कधी टॉकीजमध्ये गेली नव्हती, तिला सगळं येत होतं.

चिकित्सक

हाच विषय घेऊन येतो कारण तो संपलेला नाही. पणजीचं मान्य. सिनेमानं सुरू केलं नसंल, पण त्याला चेहरा दिला, हे तरी माना.

औसेकर

भीती शरीराची असते हे गोदाकाठ म्हणाले, ते मला पटतं. पण मग पडद्याचं सोडा, आवाजाचं बोला.

मी नऊ वर्षांचा होतो. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून उशिरा आलो, झोपायला एक वाजला असंल. पहाटे तीन छप्पन्नला किल्लारीचा तो भूकंप झाला. लोक हादऱ्याचं सांगतात, मला आधी आवाज आठवतो. लांबून रिकाम्या ट्रकांची रांग यावी तसा, पण जमिनीच्या आतून, आणि तो कानाला नाही, छातीला कळतो. आमचं माळवदाचं घर, दीड-दोन हात जाड दगडमातीच्या भिंती. बापानं मला उंबऱ्याबाहेर फेकलं. धाकटा भाऊ भिंतीकडंला होता.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही पत्र्याच्या शेडात झोपलो. आता मी लातूरला नोकरी करतो, पक्कं घर आहे, तरी रात्री बाहेर ट्रक थांबला की उठून बसतो. हल्लीच्या सिनेमात काही दिसायच्या आधी खालचा घुमणारा आवाज लावतात, खुर्ची थरथरते तो. मित्रांबरोबर गेलतो एकदा. पडद्यावर नुसती रिकामी खोली होती, आणि मी रांगेतल्या सगळ्यांच्या पायांवरून बाहेर पळालो. बाहेर जिन्यात बसून रडलो. मला आजही ठाऊक नाही त्या सिनेमात पुढं काय होतं. तर सगळ्यात भीतीदायक सिनेमा कोणता असं कोणी विचारलं तर मी तोच सांगणार, मला त्यातलं भूत दिसलेलंच नाही.

हिंगोलीचा मास्तर

औसेकर भाऊ, तुमचं दुःख मोठं. पण सिनेमाच्या गप्पांत किल्लारी आणलेली मला सहन होत नाही. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यात माझी मावशी, तिचा मालक, दोन पोरं. हे सामरी आणि हस्तरच्या शेजारी मांडायचं का?

आणि आमच्याकडं ते संपलेलंही नाही. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे भागात जमिनीतून गूढ आवाज येतात, वर्षानुवर्षं. भांडी वाजतात. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमाराला ४.५ चा धक्का बसला, नांदेड-परभणीपर्यंत कळला. जुलैत पुन्हा तेवढाच. माझ्या वर्गात आवाज झाला की पोरं बाकाखाली जात नाहीत, माझ्या तोंडाकडं बघतात. मला तोंड सरळ ठेवावं लागतं. घरी येऊन मी भीतीचा सिनेमा कशाला बघू? ज्यांना भीती कमी पडते त्यांचा हा शौक आहे.

औसेकर

मास्तर, धाकटा भाऊ भिंतीकडंला होता असं मी लिहिलं. त्याचं पुढं लिहिलं नाही, तुम्हाला कळलंय. किल्लारी मी आणली नाही, ती माझ्याबरोबर टॉकीजमध्ये आली. मी कुठं बोलायचं ते तुम्ही नका ठरवू.

हिंगोलीचा मास्तर

चुकलं माझं. भावाचं पहिल्या वाचण्यात लक्षातच आलं नाही. शौकाचं वाक्य मात्र ठेवतो.

बालाघाटी

मास्तर, शौक म्हणा. पण ‘लपाछपी’ बघितल्यावर माझ्या बायकोनं पहिल्यांदा तिच्या सासरच्या, म्हणजे आमच्याच घरातल्या एका जुन्या गोष्टीबद्दल मला विचारलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. गोष्ट इथं लिहिणार नाही. शौकानं एवढं झालं.

पैठणचा

‘तुंबाड’ या सिनेमातल्या हस्तरचं नाव मास्तरांनी घेतलंच आहे तर बोलतो. १२ ऑक्टोबर २०१८ ला तो लागला, मी संभाजीनगरला जाऊन बघितला. सगळे म्हणत होते पावसानं अंगावर येतो. चार-चार पावसाळे थांबून शूटिंग केलेलं, अख्ख्या सिनेमात आभाळ गळतंय. आणि त्याच ऑक्टोबरच्या शेवटी सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, आमच्या मराठवाड्यातले बरेच तालुके त्यात. मी खुर्चीत बसून ते भरलेलं आभाळ बघत होतो, मला भीती वाटेचना. मी मोसंबीची बाग टँकरवर जगवत होतो.

मात्र त्यातल्या म्हातारीनं मला घाबरवलं. कुणालाच मरू न देणारी हाव असते ना, ती. भूत विसरलो, ती अजून दिसते. म्हणजे अर्धं बालाघाटींचं खरं, पावसाची भीती कोकणातल्या माणसाला कळणार. आणि अर्धं गोदाकाठांचं, कारण म्हातारीला कोणतं गाव लागत नाही.

लातूरची माहेरवाशीण

पैठणच्या भावांना जोड देते. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, तेव्हा मी माहेरी होते. नळ महिनाभर कोरडा. रात्री कुणाच्यातरी घरी रिकाम्या घागरीला घागर लागली की सगळी गल्ली जागी व्हायची, टँकर आला वाटून. भुताच्या सिनेमात पैंजण वाजवतात. माझ्यासाठी कुणीतरी रिकामी घागर वाजवावी.

गोदाकाठ

सगळं वाचलं. औसेकरांचं दोनदा. मी म्हणालो होतो की चांगल्या सिनेमात घरून काही न्यावं लागत नाही. काल आईला फोन केला, सहज विचारलं, मी लहानपणी कशाला भ्यायचो. ती म्हणाली, आजोबा शेवटच्या आजारात अंथरुणाला बांधून ठेवावे लागायचे, तू त्या खोलीच्या दारातून आत यायचा नाहीस. मला यातलं काही आठवत नाही. चार वर्षांचा होतो. होस्टेलवर तो सिनेमा बघताना मी काहीच नेलं नव्हतं असं मला वीस वर्षं वाटत होतं. त्यातही खोली आहे, खाट आहे, बांधलेले हात आहेत.

तरी ‘छोरी’ बघून झोप लागली हे खरंच आहे, ते मी बदलणार नाही. बालाघाटी, ‘लपाछपी’ मात्र बघतो. दिवाळीला नांदेडला येणार आहे, तिथून तुमच्याकडं येतो, तुमच्या घरी बसून बघू.

बालाघाटी

या. पण दिवाळीनंतर रेंगाळू नका. कारखान्याचं बॉयलर पेटलं आणि टोळी आली की आमचा फड चार दिवसांत मोकळा होतो, मग मागं नुसतं खोडवं. ऊस उभा असताना या. लाईट रात्रीची असली तर दारं धरायलाही चला.