नूरी बिल्गे जेलान: बोलायला लागला आणि बिघडला?

गच्चीवरचा:
गेल्या दोन महिन्यांत तुर्की दिग्दर्शक जेलानचे पूर्ण लांबीचे नऊही चित्रपट क्रमाने बघितले, १९९७च्या कृष्णधवल 'कसाबा'पासून २०२३च्या 'अबाउट ड्राय ग्रासेस'पर्यंत. सुटे बघताना जाणवलं नव्हतं ते आता खुपतंय. हा माणूस मुळात छायाचित्रकार. सुरुवातीला पडद्यावर स्वतःचेच आईवडील आणि नात्यातला भाऊ, कॅमेराही स्वतःच्याच हातात. 'उझाक' (२००२) आठवा. इस्तंबूलमध्ये बर्फ पडतोय, काम शोधायला आलेला गावाकडचा यूसुफ नात्यातल्या छायाचित्रकार महमूतच्या फ्लॅटवर येऊन राहिलाय. पाहुणा कंटाळून झोपायला जावा म्हणून महमूत रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीचा संथ चित्रपट लावतो, आणि तो उठून गेला की खुशाल पॉर्न! शहर, नातं, कलाकाराचा ढोंगीपणा, सगळं एका प्रसंगात आणि जवळजवळ मुक्यानं.

आणि 'विंटर स्लीप'? १९६ मिनिटं, २०१४चा पाम द'ओर, म्हणजे कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक, आणि माणसं बैठक मारून बोलताहेत. चेकॉव्हचं ऋण मान्य, पण चेकॉव्ह आटोपशीर लिहायचा हो. माझं मत: २०११च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन अनातोलिया'नंतर जेलाननं डोळ्यांवरचा भरवसा सोडला.

पिठलंभात:
साफ अमान्य. आयदिन बोलतो म्हणजे जेलान बोलतो असं कुठे आहे? आयदिन हा निवृत्त नट, कॅपाडोशियात हॉटेल चालवतो, भाडेकरूंच्या घरी वसुलीची माणसं जातात आणि हा वर्तमानपत्रात नीतिमत्तेवर लेख पाडतो. त्याच्या बोलण्यात आपण अडकावं आणि मग ओशाळावं, हीच तर गंमत. त्याला उत्तर कोण देतं बघा. भाडेकरूचं पोरगं गाडीच्या काचेवर दगड मारतं. आणि शेवटाकडे आयदिनची बायको निहाल दानशूरपणे पैसे घेऊन जाते तेव्हा तो भाडेकरू, इस्माईल, नोटांचे वाटे घालतो, हे ह्याच्यासाठी, हे त्याच्यासाठी, आणि गठ्ठा सरळ आगीत. तीन तास शब्द ऐकले नसते तर तो प्रसंग असा अंगावर आला असता का?

शिवाय 'अनातोलिया' मुका कधी होता? रात्रभर प्रेत शोधताहेत आणि पोलिसांच्या गाडीत चर्चा म्हशीच्या दह्याची.

गच्चीवरचा:
दह्यावर बोलणं वेगळं आणि नीतीवर बोलणं वेगळं. दह्याच्या गप्पांमागे प्रेत आहे. शिवाय ओढ्यात गडगडत गेलेलं ते सफरचंद कुणी समजावून सांगत नाही. तो चित्रपट लिहिण्यात एर्जान केसाल होता, जो तरुणपणी तिकडे डॉक्टर होता. मुखियाही त्यानंच केलाय. अनुभवातून आलेलं बोलणं लगेच ओळखू येतं.

अर्धविराम:
तुमचं मौन-संवाद चालू दे, मला एक विचारायचंय. त्याच मुखियाची मुलगी दिवा घेऊन चहा देते, एक शब्द बोलत नाही आणि थकलेले सगळे पुरुष तिच्याकडे बघून हेलावतात. सुंदर आहे, कबूल. पण तिला काय वाटलं? 'उझाक'मधल्या बायकाही अशाच, पुरुषांच्या नजरेतून दिसून जाणाऱ्या. म्हणून मला 'अबाउट ड्राय ग्रासेस' महत्त्वाचा वाटतो. बॉम्बस्फोटात पाय गमावलेली नुराय जेवणाच्या टेबलावर नायक समेतला, एका शिक्षकाला, अक्षरशः सोलून काढते. मेर्वे दिझदारला कानला अभिनेत्रीचं पारितोषिक उगाच नाही मिळालं. जेलानची बायको एब्रू 'थ्री मंकीज'पासून (२००८) पटकथेत आहे, त्याचाही हा परिणाम असावा. जेलाननं बोलणं सोडलं असतं तर नुरायला तोंडच मिळालं नसतं.

तक्रार एवढीच की त्यानंतर लगेच समेत दार उघडून थेट सेटच्या बाहेर जातो, गोळी घेतो आणि परत येतो. मला तर दिग्दर्शकच पळ काढतोय असं वाटलं.

रात्रपाळी:
३ तास १७ मिनिटं. आमच्या घरी एकजण मध्येच उठून वरणाला फोडणी देऊन आले. टेबल तेच, वाद तोच.

पिठलंभात:
@रात्रपाळी, वरण तरी नीट झालं का?
@अर्धविराम, पळ नव्हे. 'हा पुरुष माझ्यासारखा दिसतो, पण हे सगळं नाटक आहे' असं तो सांगतोय असं मला वाटतं. 'क्लायमेट्स'मध्ये स्वतः आणि एब्रूनं मोडत्या जोडप्याची कामं केली होती. स्वतःला चव्हाट्यावर आणायची त्याची जुनीच खोड.

गच्चीवरचा:
नुरायचा मुद्दा मान्य, तो माझ्या हिशेबात बसत नव्हता. 'विंटर स्लीप'बद्दल मात्र अजून मागे हटत नाही. अर्धा तास कापा, मग बोलू.

काल रात्री 'उझाक'चा शेवट पुन्हा लावला. यूसुफ न सांगता निघून गेलाय आणि त्याच्या स्वस्त सिगारेटींना नाक मुरडणारा महमूत बॉस्फरसच्या काठी बाकावर बसून त्याच्याच पाकिटातली सिगारेट ओढतोय. २००३ साली कानला अभिनयाचं पारितोषिक दोघांना विभागून मिळालं, तेव्हा यूसुफ झालेला मेहमेत एमिन तोप्राक हयात नव्हता. काही महिन्यांपूर्वीच मोटार अपघातात गेला होता. सुरुवातीला म्हटलं ना नात्यातला भाऊ, तो हाच.